बॅज चालकाच्या खिशाला, दर कंपनीच्या हातात

एका तरुणाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "माझे वडील पुण्यात कित्येक वर्षं रिक्षा चालवतात. परमिट, बॅज, पासिंग, मीटर, विमा, सगळं वेळच्या वेळी. शेजारून खाजगी नंबरप्लेटची दुचाकी ॲपवर प्रवासी घेऊन निघून जाते, तिला यातलं काहीच लागत नाही. मग एक तर वडिलांवरची बंधनं काढा, नाही तर तीच्या तीच बंधनं कंपन्यांना लावा. यातलं बरोबर काय? आणि वडिलांनी स्वतः ॲप घ्यावं का?"

मी परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर रिक्षा-टॅक्सीवाल्यांना परमिटच्या आणि अपघाताच्या दाव्यांच्या कागदपत्रांत मदत करतो. टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून, दोन्हीकडून हा प्रकार बघितलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सुचवलेले दोन्ही मार्ग मला पटत नाहीत. वडिलांची कागदांची प्लॅस्टिकची पिशवी एकदा घरी टेबलावर मोकळी करा. प्रत्येक कागद वेगळा ठेवा आणि विचारा, हा कुणाच्या भल्यासाठी आहे? ॲप आल्यावर त्याची गरज तेवढीच राहिली, कमी झाली की वाढली? प्रत्येक कागदाचं उत्तर वेगळं येईल. "सगळं काढा" आणि "सगळं लावा" या दोन्ही घोषणा मोर्चात शोभतात, पण त्यांनी नियम लिहिता येत नाहीत.

पासिंगचा कागद आधी घेऊ, कारण तिथे वाद नाही. रिक्षा आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. ॲपवर पाच तारे मिळवलेल्या रिक्षाचेही ब्रेक लायनर झिजलेले असू शकतात, आणि मागे बसलेल्या बाईंना ते कळायला काहीही मार्ग नाही. प्रवासी तारे देतो ते चालकाच्या बोलण्याला, गाडीच्या स्वच्छतेला, फार तर वेळेवर येण्याला. त्यामुळे हे बंधन जसंच्या तसं राहिलं पाहिजे, आणि पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या प्रत्येक वाहनाला, दुचाकीलासुद्धा, लागू झालं पाहिजे.

बॅजचं तसं नाही. चालक कोण आहे, पोलिसांकडे त्याच्यावर काही आहे का, एवढं प्रवाशाला आश्वासन देणं हे बॅजचं काम. यात ॲपने खरोखर भर घातली आहे. रात्री अकराला हिंजवडीहून निघालेल्या मुलीच्या घरच्यांना चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि गाडी कुठवर आली हे फोनवर दिसतं. खाकी शर्टाला अडकवलेल्या बिल्ल्याने ती सोय कधी दिली नव्हती. पण ॲपवरच्या फोटोतला माणूस आणि हँडल धरलेला माणूस एकच असतो असं समजू नका. आयडी भाड्याने देण्याचा धंदा चालतो. नोंदणी भावाची, चालवतो मेहुणा. पडताळणी कंपनीने करायची की सरकारने, या वादात मला रस नाही. चुकीचा माणूस सापडला तर कंपनीला दंड होतो का, एवढंच मी बघतो.

आता मीटर. इथे जरा रेंगाळतो, कारण भांडणाचं मूळ इथेच आहे.

पुण्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २१ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १४ रुपये झाला. १ सप्टेंबर २०२२ पासून तो २५ आणि १७ झाला. मधे २३ रुपयांचाही एक निर्णय झाला होता, तो अमलात येण्याआधीच थांबला. हा दर ठरवतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यामागे सूत्र असतं. आधी हकीम समितीचं होतं, पुढे खटुआ समितीचं आलं. गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, चालकाच्या घरखर्चाचा महागाई निर्देशांक, असं सगळं त्यात धरलेलं असतं.

दर बदलला की शहरातली प्रत्येक रिक्षा मीटरवाल्याकडे जाते. नवा दर भरला जातो, सील लागतं, मग तपासणीच्या ट्रॅकवर रांग. फुलेनगरला अशा रांगा लागल्या की चहाच्या टपरीवाल्याची दिवाळी व्हायची. निरीक्षक पहिल्यांदा सील बघतो. शिशाच्या गोळीवरचा ठसा पुसट असेल किंवा तार सैल असेल तर गाडी बाजूला. मग मोजलेल्या अंतरावर रिक्षा पळवायची आणि आकडा नेमक्या जागी पडतो का ते बघायचं. मुरलेला निरीक्षक एवढ्यावर थांबत नाही. मीटरवर नजर ठेवून तो हॉर्न दाबून बघतो, डिपर मारून बघतो. कारण मीटर पळवणारे चोरटी वायर अशाच एखाद्या बटणाला जोडतात. चालक हॉर्न वाजवतो, प्रवाशाला वाटतं समोर कुणी आडवं आलं, आणि तेवढ्यात मीटर एक टप्पा पुढे सरकलेला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? पहाटे साडेचारला स्वारगेटला एसटीतून उतरलेला माणूस बघा. हातात दोन बॅगा, सोबत म्हातारी आई, समोर तीन रिक्षा. चौथी रिक्षा शोधायला तो कुठे जाणार नाही, आणि शहरात नवा असेल तर किती पैसे व्हायला हवेत हेही त्याला माहीत नाही. अशा वेळी रिक्षावाला मागेल तो भाव. त्या एका क्षणापुरती त्याची मक्तेदारी असते. ती मोडण्यासाठी सरकारने दर ठरवला, मीटर लावला आणि मीटरला सील ठोकलं. सहा किलोमीटर जायचं असेल तर पहिल्या दीड किलोमीटरचे २५ आणि उरलेल्या साडेचारचे किलोमीटरमागे १७ प्रमाणे ७६.५०, मिळून १०१.५०. रात्री बारा ते पहाटे पाच यावर २५ टक्के जास्त. शहरात नव्या आलेल्या माणसाने हे गणित रिक्षात बसल्या बसल्या करावं अशी अपेक्षा धरता येत नाही, म्हणून ते यंत्राने करायचं.

ॲपवर हाच माणूस बसमध्ये असतानाच आकडा बघतो. दोन ॲप उघडून ताडून बघतो. नको असेल तर नाही म्हणतो. म्हणजे ज्या कारणासाठी दर ठरवून दिला होता, त्यातलं निम्मं कारण ॲपवर संपलेलं आहे. रिक्षा संघटनेच्या बैठकीत मी हे बोलतो तेव्हा दोन-चार जण तरी उठून जातात, पण बोलायला हवं.

उरलेलं निम्मं मात्र नव्या रूपात परत येतं. मीटरच्या काळात अडलेला प्रवासी होता. ॲपवर दोघेही अडलेले असतात, प्रवासीही आणि चालकही. संध्याकाळी सहाला पाऊस कोसळतोय, मगरपट्ट्याच्या गेटवर दोनशे माणसं उभी आहेत, आणि भाव किती वाढवायचा हे ठरवणारा त्या गेटवर नाहीच. किती प्रवासी उभे आहेत आणि किती चालक जवळ आहेत हे फक्त त्याला दिसतं. प्रवाशाच्या फोनवर एक आकडा, चालकाच्या फोनवर दुसरा, असं कमिशनच्या पद्धतीत, म्हणजे कंपनी भाड्यातून आपला हिस्सा कापायची तेव्हा, सर्रास चालायचं. दुपारी मंदीच्या वेळी तोच दर सीएनजीचा खर्चही धड निघणार नाही इतका खाली जातो, आणि नाही म्हटलं तर पुढची भाडी येणं मंदावतं असं चालक सांगतात. खरं असो वा नसो, ते तपासायची सोय चालकापाशी नाही. मीटरचं सील मी हातात धरून बघू शकत होतो. कंपनीच्या सर्व्हरला सील नाही.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीचं आहे: भाड्याचा आकडा जो ठरवतो, त्याने परवाना घ्यावा आणि त्या आकड्याचा हिशेब तपासायला द्यावा. चालक आकडा ठरवत असेल तर चालकाने, कंपनी ठरवत असेल तर कंपनीने. आज पुण्यात अवस्था अशी आहे की बॅज वडिलांच्या खिशाला, परमिट वडिलांच्या नावावर, दंडाचा मेसेज वडिलांच्या मोबाईलवर, आणि दर ठरतो भलतीकडेच.

कायद्याला हे कळलेलं नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा प्रवासी आणि चालक यांना जोडून देणाऱ्या डिजिटल मध्यस्थाला 'ॲग्रिगेटर' म्हणून व्याख्येत घेतलं आणि कलम ९३ खाली त्याला परवाना सक्तीचा केला. युरोपियन संघाच्या न्यायालयाने त्याच्या दोन वर्षं आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, बार्सिलोनाच्या टॅक्सीवाल्यांच्या प्रकरणात सांगून टाकलं होतं की उबर ही निव्वळ माहितीची सेवा नव्हे, वाहतुकीची सेवा आहे. तिथेही मुख्य मुद्दा हाच होता की सेवेच्या अटींवर आणि भाड्यावर कंपनीचा निर्णायक हात आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारायचं नाही, निम्म्याच्या खाली जायचं नाही, भाड्यातले किमान ८० टक्के चालकाला, चालकाने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. १ जुलै २०२५ ला सुधारित तत्त्वं आली, त्यात वरची मर्यादा दीडपटीवरून दुप्पट झाली. कागदावर हे वाईट नाही. अंमलबजावणी राज्याकडे, आणि राज्याने आपले नियम करण्यात कसा वेळ काढला ते सगळ्यांनी बघितलं. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत विनापरवाना कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावलं, तेव्हा कुठे फायली हलल्या. पुढे मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या प्राधिकरणाने मोठ्या ॲप कंपन्यांचे चारचाकी टॅक्सीचे अर्ज फेटाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून त्याच गाड्या त्याच ॲपवर निघत होत्या. वातानुकूलित टॅक्सीसाठी प्राधिकरणाने दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे २५ रुपये असा दर ठरवून दिला होता. तो दर मागितला म्हणून चालकांची प्रवाशांशी भांडणं व्हायला लागली, कारण ॲप दाखवतं दुसराच. कंपनी या भांडणात कुठेच नसते.

आता नवी चाल बघा, कारण तुमच्या वडिलांना उद्या याच्याशीच गाठ पडणार आहे. कमिशन बंद, चालकाने ॲप वापरायची ठरावीक फी भरायची, भाडं थेट चालकाच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर. बंगळुरूला नम्मा यात्री या ॲपने हे करून दाखवलं, आणि फेब्रुवारी २०२५ पासून उबरने रिक्षांसाठी हीच पद्धत घेतली. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. चालकाच्या दृष्टीने यात चांगलं आहे, मी नाकारत नाही. दिवसभराची कमाई स्वतःकडे राहते, आठवड्याने हिशेब येण्याची वाट बघावी लागत नाही. पण यातून कंपनीला म्हणता येतं की आम्ही फक्त सॉफ्टवेअर विकतो, भाडं चालक आणि प्रवासी यांच्यातलं. जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या रिक्षाभाड्यावर ५ टक्के जीएसटी आला, रस्त्यावर हात करून थांबवलेल्या रिक्षाला तो नाही. म्हणजे "आम्ही मध्ये नाही" असं म्हणण्यात कराचाही हिशेब आहे.

हे म्हणणं मान्य करायचं का? मी तीन गोष्टी विचारतो. जवळ उभ्या असलेल्या पाच रिक्षांपैकी भाडं कुणाला जाणार हे कोण ठरवतं? प्रवाशाच्या फोनवर आकडा कोण दाखवतं? आणि चालकाचा आयडी ब्लॉक करायचा अधिकार कुणाला आहे? तिन्हींचं उत्तर कंपनी असेल, तर पैसे कुणाच्या खात्यात जातात याने काहीही फरक पडत नाही. फीची पद्धत खुशाल ठेवा, परवानाही घ्या.

इथे रिक्षावाल्यांच्या बाजूने एवढं बोललो, तर त्यांच्या बाजूचं दुखणंही सांगायला हवं. पिशवीतला उरलेला कागद, म्हणजे परमिट.

महाराष्ट्रात १९९७ पासून नव्या रिक्षा परमिटवर बंदी होती. म्हणायला वाहतूक कोंडी कमी करायची होती, पण प्रत्यक्षात परमिट हीच एक मिळकत झाली. ज्याच्या नावावर परमिट तो घरी, आणि रिक्षा शिफ्टवर चालवणारा दुसराच. रोजचा ठरलेला आकडा मालकाला द्यायचा, उरलं तर आपलं. ज्यांनी आयुष्यभर रिक्षा चालवली त्यांच्यातल्या कितीतरी जणांना स्वतःचं परमिट कधी मिळालंच नाही. या बंदीने प्रवाशाचं एका पैशाचं भलं झालं नाही. न्यूयॉर्कमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या टॅक्सीचं परमिट, ज्याला मेडॅलियन म्हणतात, दहा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. ॲप आल्यावर ते कोसळलं, आणि कर्ज काढून ते घेतलेले चालक देशोधडीला लागले. नफा आधीच विकून मोकळे झालेल्यांचा, कर्ज चालकांचं.

आपल्याकडे जून २०१७ मध्ये बंदी उठली आणि परमिट खुलं झालं. उठवणं योग्यच होतं, वेळ मात्र अशी साधली की त्यापेक्षा वाईट सापडली नसती. एकीकडे ॲपच्या टॅक्सी शहरात स्थिरावल्या होत्या, आणि त्याच सुमाराला फायनान्सवाले दारात उभे राहून रिक्षा देऊ लागले. काही वर्षांत पुण्यातल्या रिक्षांची संख्या दुपटीच्या घरात गेली. तुमच्या वडिलांची कमाई कमी झाली असेल तर त्याचं खापर एकट्या ॲपवर फोडता येणार नाही. स्टँडवर त्यांच्या मागे उभ्या असलेल्या रिक्षांची रांगही मोजा. आता संघटना पुन्हा परमिट बंद करा म्हणतात. त्यांची अडचण कळते, पण पुन्हा बंदी आणली की पुन्हा परमिटचे भाव फुगणार आणि पुन्हा शिफ्टवाला नागवला जाणार.

आणि नकार. "कुठं जायचंय? नाही, तिकडं नाही जात." हे वाक्य पुण्यात ज्याने ऐकलं नाही तो पुण्यात राहिलेलाच नाही. जवळचं भाडं नाकारणं, मीटर न टाकता मनाला येईल तो आकडा सांगणं, रात्री दुप्पट मागणं, यामुळे लोक ॲपकडे गेले. कंपन्यांच्या जाहिरातींनी जेवढे प्रवासी ओढले नसतील तेवढे या नकारांनी हाकलले. यात कायद्याचाही वाटा आहे. भाडं नाकारलं तर तीनचाकीसाठी कलम १७८ मध्ये दंड आहे जास्तीत जास्त ५० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीत बाकीचे दंड कुठल्या कुठे गेले, हा मात्र तिथेच राहिला. परमिटशिवाय गाडी चालवली तर १०,००० रुपये. म्हणजे परमिट जपायला कायद्याने कुत्रं बांधलं आणि प्रवाशासाठी साधी कडीही लावली नाही. नियमांचं वजन कुठे आहे ते या दोन आकड्यांवरून कळतं.

आता दुचाकी, जिच्यामुळे तुम्ही प्रश्न विचारलात.

२८ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात रिक्षावाल्यांनी बाइक टॅक्सीविरुद्ध बंद पुकारला आणि संगम पुलाजवळ आरटीओसमोर रिक्षा उभ्या करून रस्ता अडवला. त्यानंतर डिसेंबरमध्ये रॅपिडो या बाइक टॅक्सीच्या ॲप कंपनीचा परवान्याचा अर्ज पुण्यात नाकारला गेला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथे १३ जानेवारी २०२३ ला तिला सेवा थांबवावी लागली. १९ जानेवारीला राज्याने खाजगी वाहनं अशा कामासाठी वापरायला मनाई केली, आणि ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. संघटनांच्या दृष्टीने हा विजय होता. पण सरकारचं खरं अपयश हे की बाइक टॅक्सीचं धोरण काय, हा प्रश्न कंपनी सुरू होऊन, वाढून, कोर्टात जाईपर्यंत कुणी सोडवलाच नाही. शेवटी जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे बाइक टॅक्सी नियम आले: फक्त विजेवर चालणाऱ्या दुचाकी, परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या, एका फेरीला १५ किलोमीटरची मर्यादा. विजेच्या सक्तीने धूर वाचेल. पण ५० गाड्यांची अट म्हणजे स्वतःच्या एका दुचाकीवर चार पैसे मिळवणाऱ्या पोराला बाहेर ठेवून भांडवलवाल्याला आत घेणं. जुन्या परमिटच्या चुकीचाच हा नवा अवतार आहे.

दुचाकीच्या बाबतीत मला खरी काळजी विम्याची वाटते, आणि ती रिक्षावाल्याच्या स्पर्धेपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. खाजगी दुचाकीच्या पॉलिसीवर वापराची मर्यादा छापलेली असते: भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नाही. अपघात झाला आणि मागे बसलेला जखमी झाला, की विमा कंपनी पहिल्यांदा तीच ओळ पुढे करते. परमिट नसलेलं वाहन भाड्याने वापरलं हा बचाव कायद्याने तिला दिलेला आहे. अपघाताच्या दाव्यांचं न्यायाधिकरण बऱ्याचदा जखमीला पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा असा आदेश करतं. जखमीचं त्यात निभावतं. पण वसुली येते ती पोराच्या दारात, ज्याने कॉलेज सांभाळून संध्याकाळी चार फेऱ्या मारल्या. मी अशा नोटिसा वाचून दाखवल्या आहेत. ॲप घेताना टिचकी मारलेल्या अटींमध्ये "वाहनाचा योग्य विमा असणं ही चालकाची जबाबदारी" असं वाक्य असतं. ते पहिल्यांदा त्या नोटिशीच्या वेळी वाचलं जातं. वडील रिक्षाच्या विम्याचे जे काही हजार भरतात, ते मागच्या तीन प्रवाशांच्या जिवाची किंमत धरून असतात. दुचाकी स्वस्त पडते त्यातला एक भाग असा आहे की ही किंमत तिने भरलेलीच नाही.

सामाजिक सुरक्षेचं एक सांगतो आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲग्रिगेटरने उलाढालीच्या १ ते २ टक्के कामगारांच्या निधीत घालायचे अशी तरतूद आहे. बाहेरच्यांना ही कल्पना नवी वाटते. पुण्यात ती नवी नाही. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने, मालक एक नाही आणि काम रोज वेगळ्या दुकानात, अशा हमालांसाठी मंडळं आणि लेव्हीची, म्हणजे काम देणाऱ्यांकडून गोळा करायच्या वर्गणीची, पद्धत आणली. ज्या बाबा आढावांनी इथे हमाल पंचायत उभी केली त्यांनीच रिक्षा पंचायतही उभी केली. मालक सापडत नाही म्हणून कामगाराला वाऱ्यावर सोडायचं नाही, यावर मार्केट यार्डात तोडगा निघालेला होता. ॲपच्या बाबतीत तर प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते, लेव्ही कापणं त्याहून सोपं.

वडिलांनी ॲप घ्यावं का? घ्यावं, पण एकच नको. दोन-तीन ठेवावेत आणि स्टँडही सोडू नये. दैनिक किंवा मासिक फी भरण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: कुठल्या ॲपवरून किती भाडी आली, प्रवाशापर्यंत रिकामं किती जावं लागलं. रिकाम्या किलोमीटरचा गॅस कुणी धरत नाही, आणि चालकाचं नुकसान बहुतेक तिथेच होतं.

मीटर मात्र बंद करून ठेवू देऊ नका. पुण्यात सध्या ॲपचा आकडा एक आणि चालक मागतो मीटरचा, यावरून रोज खटके उडतात. परमिटच्या अटींप्रमाणे रिक्षा मीटरने चालायची आहे आणि प्राधिकरणाचा दर हाच अधिकृत दर आहे, तेव्हा मीटर टाकणाऱ्याची बाजू भक्कम. पण प्रवासी बसण्याआधी सांगावं, उतरताना नव्हे. उतरताना सांगितलं की कायद्याने बरोबर असूनही माणूस लबाड ठरतो, आणि ॲपवर तक्रार गेली की आयडी ब्लॉक.

आयडी ब्लॉक झाला तर फोनवर वाद घालू नका. स्क्रीनचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. ॲपमधून लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. पुढे संघटनेमार्फत प्राधिकरणाकडे जायचं झालं तर हाच कागद लागतो, आणि दहापैकी नऊ जणांकडे तो नसतो.

राहिला विमा. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला आहे का ते आजच बघा. हप्ता कमी दाखवायला एजंट तो वगळतात, आणि रिक्षावाला थर्ड पार्टीची पावती बघून सगळं झालं असं समजतो. रिक्षा वडिलांच्या नावावर आणि चालवतात दुसरेच असं कधी होत असेल, तर तो विमा त्या दुसऱ्याला लागू होत नाही. त्याच्यासाठी पगारी चालकाचा वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि रक्कम फार नसते.